हिलाल नानांची चकचकीत पेटी

धुळ्याच्या देवपुरात हिलाल नानांचं घर शोधायला पत्ता लागत नसे. सकाळी आठच्या उन्हात ज्या ओट्यावरची कळशी तुमच्या डोळ्यांवर तिरीप मारेल, ते घर नानांचं. आत गेलात की समई, डबे, गडू, दाराची कडी, इतकंच काय, मोरीतल्या नळाची तोटीसुद्धा झळकत असायची. दर रविवारी नाना ओट्यावर पोतं अंथरत, पितळ पॉलिशचा डबा आणि जुन्या बनियनच्या चिंध्या घेऊन बसत आणि जेवणाची हाक येईपर्यंत घासत. त्यांची बायको कमलबाई आल्यागेल्याला अहिराणीत सांगायची, "लगीनले एकतीस वरीस व्हई ग्यात. कळशीकडे जितलं ध्यान शे, तितलं मनाकडे कधी दिधं नही." माझ्याकडे कधी लक्ष नाही, ही तिची तक्रार ऐकत नाना मान वर न करता घासत राहत.

नाना नोकरीला कुठे, तर धुळ्यातल्याच एका सशस्त्र तुकडीत. तुकडीचं नाव कशाला घ्या, त्यातली निम्मी माणसं अजून पेन्शन खाताहेत. तिथल्या शस्त्रागारात नाना बावीस वर्षं आर्मोरर हवालदार होते. आर्मोरर म्हणजे बंदुकांचा वैद्यच म्हणायचा. प्रत्येक रायफलीच्या दस्त्यावर नंबर असतो, आणि नाना त्या नंबरांबद्दल घरातल्या पोरीबाळींबद्दल बोलावं तसं बोलत. त्रेचाळीस नंबरला थंडी बाधते. अठरा नंबर जरा हट्टी आहे, पण मनाची वाईट नाही. सात नंबर मात्र त्यांची लाडकी, तिच्याबद्दल वाकडा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती.

अंगात वर्दी असली की नाना शुद्ध मराठी बोलत, आणि शुद्ध मराठीत ते कधी चुकत नसत. निदान असं त्यांचं मत होतं. गंमत म्हणजे कागदोपत्रीही ते खरं होतं. बावीस वर्षांच्या सेवापुस्तकात लाल शाईचं एक अक्षर नव्हतं. उलट आदल्या जूनच्या तपासणीत मोठ्या साहेबांनी 'शस्त्रागार अतिउत्तम' असं लिहिलं होतं, आणि ती ओळ नाना कुणी विचारलं नाही तरी म्हणून दाखवत. एकोणीसशे एक्याण्णवच्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. तोवर ते पुस्तक असंच कोरं ठेवायचं, एवढी एकच हौस उरली होती.

आणि मग फेब्रुवारीत चांदमारी आली. चांदमारी म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीला निशाण लावून गोळीबाराचा वार्षिक सराव. त्या दिवशी गोळ्या झाडायला फळीवर आडवा झाला होता शिपाई सुकदेव, शिंदखेड्याकडचा, वय चाळिशीला टेकलेलं. माणूस गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला एकच नाद होता, तो म्हणजे तेल. केसांना तेल, कानाच्या पाळ्यांना तेल, पट्ट्याला तेल, सायकलच्या साखळीला तेल, बराकीच्या दाराला तेल. त्याची टोपी उन्हात ठेवली तर तिच्यावर भजी तळता येतील, असं लोक म्हणत. नाना तर त्याला तोंडावर सांगत, "सुकदेव, तू गेलास ना, की सरणावर रॉकेल ओतायची गरज नाही." सुकदेव हसायचा आणि दुसऱ्या दिवशी आणखी थोडं लावून यायचा.

या सुकदेवचं नाव हवालदारकीच्या कोर्सच्या यादीत होतं. आधी दोनदा हुकलं होतं. एकदा कावीळ झाली, एकदा यादीतच कुणीतरी दुसऱ्या सुकदेवचं नाव लिहिलं. ही तिसरी खेप आणि वयामुळे शेवटची. महिनाअखेर यादी वर जायची होती. यंदा हुकलं की मरेपर्यंत शिपाई, हे त्यालाही माहीत होतं आणि अख्ख्या बराकीलाही.

त्याच्या हातात एसएलआर होती. या रायफलीचा चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप आत येऊन बसतं. तीन गोळ्या गेल्या. चौथीला आवाजच वेगळा आला, खणखणीत नाही तर फाटका. मागच्या बाजूने धुराचा भपकारा निघाला आणि सुकदेव गाल धरून उठून बसला. गाल काळा झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नशीब, तेवढ्यावरच निभावलं.

नाना धावले. रायफल उघडली, अडकलेली रिकामी पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं, दांड्याने ढकलून बाहेर काढली. तोंडापासून खाली अर्धं बोट उभी चिरलेली. आधीच्या तीन पुंगळ्या वाळूत पडल्या होत्या, त्यातल्याही दोन चिरलेल्या निघाल्या.

सरावाचे प्रमुख बडगुजर साहेब, म्हणजे राखीव फौजदार, हात मागे बांधून आले. "काय झालं, हिलाल?"

नानांनी काडतूस बसतं त्या घरात, म्हणजे चेंबरात, बोट घातलं. बोटाला तेल लागलं. आता सुकदेवच्या कुठल्याही वस्तूला बोट लावा, तेल लागणारच. पण पंचवीस माणसं बघत होती, साहेब विचारत होते, आणि नाना कधी चुकत नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला. "तेल, साहेब. चेंबरात तेल ठेवलंय पठ्ठ्याने. पुंगळी फुटेल नाही तर काय होईल."

पंचवीस माणसं हसली. साहेबांनी डायरीत 'निष्काळजीपणा' असं लिहिलं आणि म्हणाले, "आठ दिवसांत लेखी अहवाल द्या. तसा असेल तर याचं नाव यादीतून काढावं लागेल." सुकदेवने गाल धरल्या धरल्या नुसती मान हलवली.

संध्याकाळी दिवेलागणीला नाना शस्त्रागारात त्या तीन चिरलेल्या पुंगळ्या टेबलावर मांडून बसले. अहवाल लिहायला बसले होते खरं तर. पण हात पुंगळ्यांकडे गेला, आणि चाळीस वेळा तरी त्यांनी त्या फिरवून बघितल्या असतील.

आता इथे थोडी वैद्यकी सांगितली पाहिजे, कंटाळू नका. काडतूस आत सैल बसत असेल तर पुंगळी बुडाजवळ फाटते, आणि चीर बांगडीसारखी गोल फिरते. फाटायच्या आधीसुद्धा आतून खाच पडते. ती शोधायला नानांकडे सायकलच्या आऱ्याचा वाकवलेला हुक होता. तो आत घालून त्यांनी बुडापर्यंत चाचपलं. खाच नव्हती. आणि तेल असेल तर पुंगळी भिंतीला धरत नाही, मागे धक्का देते. बिघडायचं ते बुडाकडे बिघडतं. तेलाने पुंगळीचं तोंड उभं चिरत नाही. हे नानांना माहीत नव्हतं असं नाही. नवीन आर्मोररांना ते स्वतः हेच शिकवत. सकाळी मात्र तोंडातून भलतंच निघून गेलं होतं.

पण एवढ्यावर चूक कबूल करतील तर ते नाना कसले. आधी त्यांनी सुकदेवने दांडा घासून चेंबर खरवडलं असेल असं ठरवलं. मग दिवा आत धरून बघितलं तर चेंबर आरशासारखं साफ. मग ती रायफल सुकदेवच्या आधी ज्याच्याकडे होती त्याच्यावर संशय घेतला, तो बिचारा तीन वर्षांपूर्वी बदलून अमळनेरला गेला होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय माणूस बंदुकांच्या बाबतीतही सोडत नाही. अहवालाचा कागद त्या संध्याकाळी कोराच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकदेव शस्त्रागाराच्या खिडकीशी आला आणि नानांना क्षणभर ओळखूच आला नाही. डोकं कोरडं ठणठणीत. वर्षानुवर्षं चप्प बसलेले केस मोकळे सुटून बाजरीच्या धसकटासारखे उभे राहिले होते. रायफल त्याने गरम पाण्याने तीनदा धुतली होती, चौथ्यांदा धुवायची परवानगी मागायला आला होता. "नाना, आते थेंब बी नही," तो म्हणाला. "डोकाले बी लावनं सोडी दिधं. बाटली प्रमिलानी लपाडी दिधी." प्रमिला म्हणजे त्याची बायको.

एरवी अशा डोक्यावर नानांनी आठ दिवस काढले असते. त्या सकाळी एक विनोद सुचला नाही. त्यांना फार वाईट वाटलं. हा माणूस आपल्या एका शब्दावर तेल सोडून बसलाय, आणि तो शब्द खोटा आहे हे आपल्याला कालपासून माहीत आहे.

"धुवायची गरज नाही," नाना म्हणाले. "उद्या माझ्याबरोबर चांदमारीला चल."

परवानगी काढून दोघं गेले. नानांनी वाळूच्या पोत्यांवर रायफल बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि दोरीचं टोक सुकदेवच्या हाती देऊन त्याला बांधाच्या आड बसवलं. चिरणारी काडतुसं गालाला लावून कुणी उडवत नाही. मग त्या दिवशीच्याच पेटीतली पाच काडतुसं घेतली, प्रत्येकावर शाईचा ठिपका दिला, आणि ठिपका वर येईल असं एकेक आत बसवलं.

पाचांतली तीन चिरली. एकाची चीर ठिपक्याजवळ, दुसऱ्याची बरोबर उलट्या बाजूला, तिसऱ्याची डावीकडे. चेंबरला खोट असती तर चीर दर वेळी एकाच जागी आली असती. मग त्याच रायफलीत दुसऱ्या पेटीतली पाच उडवली. पाचही धडधाकट. शेवटी नानांनी मनावर दगड ठेवून आपली लाडकी सात नंबर पोत्यांवर बांधली आणि तिच्यात पहिल्या पेटीतली पाच घातली. दोन चिरली.

म्हणजे सुकदेवची रायफल निर्दोष, सुकदेव निर्दोष आणि सात नंबरही निर्दोष. खोट पेटीत होती. नाना इतके खूश झाले की वर्दीत असून अहिराणीत आले. "पेटीच खराब शे रे, सुकदेव. वरतूनच खराब उनी व्हई. दखाड बरं ती इकडे." म्हणजे दोष वरून पेटी पाठवणाऱ्यांचा.

सुकदेवने दोन्ही पेट्या आणल्या आणि दोन्हींतलं एकेक काडतूस पोत्यावर शेजारी शेजारी उभं केलं. सकाळचं ऊन होतं. चांगल्या पेटीतलं काडतूस मळकट तपकिरी होतं, काडतुसं असतात तसं. खराब पेटीतलं मात्र असं झळकत होतं की नानांच्या डोळ्यांवर तिरीप आली.

देवपुरातल्या ओट्यावरची कळशी झळकायची तशी.

नानांनी ते उचलून उन्हात फिरवून बघितलं.

"नाना," सुकदेव अगदी साधेपणाने म्हणाला, "हाई तीच पेटी शे ना, तुम्ही जूनमा घासेल?"

घासली होती. मोठे साहेब तपासणीला आले की सगळ्यात वरची पेटी उघडायला सांगतात, हा अनुभव. म्हणून नानांनी आदले दोन दिवस खपून वरच्या पेटीतलं एकेक काडतूस घरच्या डब्यातल्या पॉलिशने घासलं होतं. चिंधीच्या घड्यांत गुंडाळून, पॉलिशचा पांढरा राप तसाच फटींत ठेवून, झाकण घट्ट लावलं होतं. साहेबांनी पेटी उघडली, वा म्हणाले आणि 'अतिउत्तम' लिहून गेले. पेटी अख्खा पावसाळा तशीच बंद राहिली.

"तू बघितलं होतंस?" नानांनी विचारलं.

"मीच तं पहारावर व्हतू."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

सुकदेवला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "तुम्ही सांगं, तेल शे. बावीस वरीसमा तुम्ही कधी चुकनात नही. मंग माले बी वाटनं, तेलच व्हई."

नाना उगाच दोरी गुंडाळत बसले, सोडली, पुन्हा गुंडाळली.

तरी मनात एक आशा होतीच, की पॉलिशने काय होतंय, पितळ चमकतं फक्त. शस्त्रागारात येऊन त्यांनी न उडवलेली काडतुसं भिंगाखाली धरली. काहींच्या गळ्याशी केसाएवढ्या बारीक चिरा आधीपासूनच होत्या. घरी आल्यावर त्यांनी पॉलिशचा डबा उघडला, नाकाशी धरला आणि जोरात हुंगला. नाकात झिणझिणी गेली. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. लहानपणी पहाटे गोठ्याचं दार उघडलं की हाच अमोनियाचा वास अंगावर यायचा. आणि आई सांगायची, "गोठामा पितळ ठेवू नको, ढोरेसना मूतनी वाफ पितळले खास," म्हणजे ती वाफ पितळ खाते. एका पावसाळ्यात ते विसरले आणि घागर गोठ्यात राहिली. दसऱ्याला काढली तेव्हा कुणी हात न लावता ती गळ्याशी उभी चिरली होती. त्या घागरीपायी खाल्लेला मार त्यांना चांगला आठवत होता. त्यावरून घ्यायचा तो धडा मात्र घ्यायचा राहून गेला होता.

कमलबाई दारात उभी राहून बघत होती. "इतला दिन घासं, आते हुंगतस," ती म्हणाली. "उद्या चाटशात का?"

दुसऱ्या दिवशी नानांनी बडगुजर साहेबांना सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लोटून घेतलं. "हिलाल, पेटी बाद करायची तर कारण लिहावं लागतं. बाकीच्या पेट्या चांगल्या आणि हीच खराब का, हे वरून विचारणार. मग तुमचं नाव येणार. तीन महिने राहिलेत तुमचे. हात दाखवून अवलक्षण कशाला? ती काडतुसं हळूहळू बाजूला काढू. तेल म्हणालात, ते तसंच राहू द्या. सुकदेवचं काय, तो काही बोलणारा नाही."

तो काही बोलणारा नाही, हे नानांनाही माहीत होतं. तीच तर अडचण होती. तो भांडला असता, साहेबांकडे गेला असता, तर नानांना त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी नानांनी घरी बसून अहवाल लिहिला तो तेलाचाच. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं आलं. मग भाकरीचा तुकडा मोडून ते तसेच बसून राहिले. कमलबाईने विचारलं तेव्हा एकेक करून सगळं बाहेर आलं, कोऱ्या पुस्तकासकट.

कमलबाईला बंदुकीतलं काही कळत नव्हतं, पण भांडी आणि नवरा ही दोन्ही तिने एकतीस वर्षं वापरली होती. "बावीस वरीस ते पुस्तक घासं तुम्ही," ती म्हणाली. "एक डाग पडना तर काय ते गळाले लागी?" डाग पडलेलं भांडं काही गळत नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि आमटी वाढून ती आत निघून गेली.

नानांनी जेवण पुरं केलं, हात धुतले आणि दुसरा कागद घेतला.

सकाळच्या हजेरीला सगळी तुकडी रांगेत उभी होती. नानांनी अहवाल साहेबांच्या हातात दिला आणि चार शब्द बोलायची परवानगी मागितली. ज्या पंचवीस माणसांसमोर बोललो त्यांच्यासमोरच खोडायचं, असं त्यांनी रस्त्याने येताना ठरवलं होतं. उभं राहिल्यावर त्यांनी आधी टोपी सरळ केली. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका सांगून झालेल्या, स्वतःची सांगायची सवय नव्हती.

"त्या दिवशी मी तेल म्हणालो," नाना म्हणाले. "ते तेल नव्हतं. पॉलिश होतं. जूनच्या तपासणीसाठी ती पेटी मी घासली. पितळ त्यानेच चिरलं. सुकदेवची रायफल तुमच्या सगळ्यांच्या रायफलींपेक्षा साफ आहे. गाल त्याचा भाजला, चूक माझी आहे." मग ते म्हणाले, "आणि त्या 'अतिउत्तम'चंही आता काही खरं नाही."

ही शेवटची ओळ विनोदाची होती, पण कुणी हसलं नाही. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. पंधरा दिवसांनी नानांच्या सेवापुस्तकात लाल शाईची दीड ओळ पडली, हलगर्जीपणाबद्दल ताकीद. नानांनी ती चष्मा लावून वाचली. अक्षर फारच वाईट आहे, एवढंच म्हणाले. सुकदेवचं नाव मात्र महिनाअखेर यादीबरोबर वर गेलं.

पण मला सांगायचं आहे ते हजेरीच्या दुसऱ्या दिवसाचं. त्या सकाळी नाना शस्त्रागाराची खिडकी उघडून मान खाली घालून बसले होते. आता लोक काय म्हणतील, कोण टोमणा मारील, याचीच धास्ती. पहिला आला तो सुकदेव. केस पुन्हा चप्प बसलेले, भांग रेघ मारल्यासारखा, आणि तेल कपाळावरून, कानामागून ओघळून कॉलरपर्यंत आलेलं. चार दिवसांचं राहिलेलं त्याने एकदम भरून काढलं होतं. खिडकीशी येऊन तो काही न बोलता उभा राहिला. रायफलही मागेना, हलेना. बावीस वर्षांत नानांनी त्या डोक्याला कधी फुकट सोडलं नव्हतं, आणि सुकदेव त्याचीच वाट बघत होता.

नानांना ते कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, त्या डोक्याकडे नीट निरखून बघितलं, आणि अंगात वर्दी असूनही अहिराणीत म्हणाले, "आज कमीच लावं वाटस रे, सुकदेव."

"उद्या जास्त लावसू, नाना," सुकदेव म्हणाला आणि त्याने रायफलीसाठी हात पुढे केला.